ट्रॅकवर नेमके शिकायचे काय?
गाडी आणि चालक : वाचकांचे प्रश्न

खान्देशातील काही कार क्लब या हिवाळ्यात परराज्यातील रेसट्रॅकवर प्रशिक्षणासाठी जाण्याच्या तयारीत आहेत, असे या वेळी आलेल्या पत्रांवरून दिसते. पत्रांमध्ये उत्साह आहे, शंका आहेत आणि एका पत्रात स्पष्ट नाराजीही आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या क्लबात बहुतेकांकडे घरच्या वापराच्या गाड्या आहेत, जास्त ताकदीची गाडी दोघा-तिघांकडेच आहे. एखाद्या रेसट्रॅकवर एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे असा विचार आहे. कोठे जावे, तेथे दिवसभर काय होते आणि साध्या हॅचबॅकवाल्याने तेथे जाण्यात काही अर्थ आहे का?
– एक सभासद, जळगाव

उत्तर : कोठे जावे, याचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडे निराश करणारे आहे. खान्देशात असा ट्रॅक नाही आणि देशातले नावाजलेले ट्रॅक लांब आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किमी लांबीचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरजवळ चेट्टिपालयम येथे २.१ किमीचा कारी मोटर स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडात बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि त्याची लांबी ५.१ किमीच्या आसपास आहे. इंदूरजवळच्या पिथमपूर येथे नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा अतिवेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. धुळ्याहून शिरपूर-सेंधवा मार्गे तो बाकीच्यांपेक्षा जवळ असल्याने अनेकांनी त्याच्याविषयी विचारले आहे. परंतु ते मुळात वाहन उद्योगाचे चाचणी केंद्र आहे, आणि त्या लांबच लांब अंडाकृती ट्रॅकवर नवशिक्याला वेगाखेरीज फारसे काही हाती लागणार नाही. माझे मत विचाराल तर पहिल्या वेळी कारीसारखा आखूड ट्रॅक निवडावा, कारण तेथे सरळ पट्टे लहान असल्यामुळे वेग आपोआप मर्यादेत राहतो, वळणे एकापाठोपाठ येतात आणि एकच चूक दिवसभरात पुनःपुन्हा सुधारून पाहता येते.

दिवसाची सुरुवात गाडी चालवण्याने होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावरून कुरकूर करणारे बरेच असतात. सकाळी कागदपत्रे आणि गाड्यांची तपासणी होते, डिकीतली स्टेपनी वगळता सगळे सामान, पायाखालच्या मॅट, डॅशबोर्डवरची मूर्ती, पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायला सांगतात, आणि मग सर्वांना बसवून नियम व झेंडे समजावतात. पिवळा झेंडा दिसला की पुढे अडचण आहे, वेग कमी करायचा आणि कोणालाही ओलांडायचे नाही. लाल दिसला की सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबण्याच्या जागेत, परतायचे. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा पाणी असून तो निसरडा आहे. काळा झेंडा तुमच्याकडे रोखून दाखवला तर तुम्ही काहीतरी चुकला आहात आणि पिटमध्ये येऊन ते ऐकून घ्यायचे आहे. ओलांडणे फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर होते, तेही पुढच्या चालकाने खिडकीतून हाताने खूण केल्यानंतरच. त्यानंतर अनुभवानुसार गट पाडले जातात आणि नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो. एक सत्र साधारण पंधरा-वीस मिनिटांचेच असते, कारण त्यापुढे चालकाचे लक्ष आणि गाडीचे ब्रेक दोन्ही थकू लागतात.

आयोजक निवडताना एक गोष्ट अवश्य विचारा : लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीच्या, वेळा मोजणार आहात का? नवशिक्यांच्या गटात स्टॉपवॉच आले की प्रशिक्षण संपते आणि शर्यत सुरू होते. प्रशिक्षक शेजारी बसत नसेल, किंवा एक प्रशिक्षक एकाच वेळी सगळ्या गटाकडे भिंतीपाशी उभा राहून पाहणार असेल, तर पैसे वाचवावेत आणि घरी थांबावे.

शिकवले जाते ते मुख्यतः चार गोष्टींविषयी असते. पहिली बैठक : पाठ सीटला पूर्ण टेकलेली, हात सरळ पुढे केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतकेच अंतर, आणि दोन्ही हात घड्याळातील नऊ व तीनच्या जागी. दुसरी नजर : बॉनेटच्या पुढच्या रस्त्याकडे न पाहता वळणाच्या आत आणि त्याही पलीकडे पाहणे. तिसरी ब्रेक : सरळ रेषेत, वळणाच्या आधी, पूर्ण जोराने आणि मग हळूहळू सोडत. चौथी वाट : बाहेरून वळणाच्या आतल्या कडेकडे आणि पुन्हा बाहेर, म्हणजे स्टिअरिंग कमीत कमी वळवावे लागते. टायरची पकड मर्यादित असते. ती ब्रेकसाठी पूर्ण वापरली तर वळण्यासाठी उरत नाही आणि वळण्यासाठी पूर्ण वापरली तर ब्रेकसाठी उरत नाही. या चारही गोष्टी अखेर याच एका हिशेबावर उभ्या आहेत.

म्हणून हॅचबॅकवाल्याने जाण्यात अर्थ आहे का, या प्रश्नावर मी म्हणेन की सर्वांत जास्त अर्थ त्यालाच आहे. दीडशे-दोनशे अश्वशक्तीची गाडी वळणात केलेली चूक पुढच्या सरळ पट्ट्यावर भरून काढते आणि चालकाला ती चूक कळतही नाही. लहान इंजिनाच्या गाडीत चुकीच्या वेळी ब्रेक मारला तर पुढचा सगळा पट्टा त्याची आठवण करून देतो. उंच एसयूव्ही असेल तर मात्र आयोजकाला आधीच विचारा, कारण गुरुत्वमध्य उंच असलेल्या गाड्या काही ठिकाणी घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : मी एसटीत चालक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. कन्नडचा घाट, कोंडाईबारी, लळिंग, बिजासन हे सगळे घाट पावसाळ्यात आणि रात्री चालवले. आमच्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, म्हशी आणि न रंगवलेले गतिरोधक असतात. ट्रॅकवर यातले काहीही नसते. मग हजारो रुपये खर्च करून मुलांना तेथे नेण्याचा हा छंद सुरक्षिततेच्या नावाखाली का खपवला जात आहे?
– एक वाचक, धुळे

उत्तर : आपला आक्षेप अर्धा मला मान्य आहे, आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे. समोरून येणाऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखणे, गावाजवळ आल्यावर वेग आपोआप उतरणे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरणे, या गोष्टी ट्रॅक शिकवत नाही आणि शिकवू शकणार नाही. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात, रस्त्यावर कोणी आडवे येत नाही आणि प्रत्येक वळण दहाव्यांदा पाहिलेले असते. एखादा तरुण तेथून परतल्यावर आपण आता तरबेज झालो असे समजून महामार्गावर वेग वाढवू लागला, तर त्या प्रशिक्षणाने नुकसानच केले असे मी म्हणेन. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत.

पण उरलेल्या अर्ध्याविषयी माझे वेगळे म्हणणे आहे. आपल्यासारख्या चालकाने हजारो वेळा जड वाहन जोराने थांबवले आहे. ज्यांच्याविषयी आपण लिहिता त्या मुलांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या गाडीचा ब्रेक पूर्ण ताकदीने एकदाही दाबलेला नसतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकने चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असते. ते काम करू लागले की पायाखाली पॅडल थरथरते आणि खडखडाट होतो. ज्याने तो कधी अनुभवलेला नाही तो दचकून पाय सैल करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी गाडी थांबण्याऐवजी पुढे जाते. पाय न उचलता दाबून ठेवायचे आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवून अडथळा टाळायचा, कारण एबीएसचा खरा उपयोग ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता यावी हा आहे. हे वाचून समजते, पण पायाला समजत नाही. त्यासाठी मोकळी, सुरक्षित जागा लागते आणि ती जागा एरंडोल-पारोळ्याचा महामार्ग असू शकत नाही.

आपल्या कापसाच्या ट्रॉलीचेच उदाहरण घेऊ. चांगले टायर असलेली गाडी कोरड्या डांबरावर जोराने थांबवली आणि चालकाला धोका पाहून ब्रेकवर पाय नेण्यास एक सेकंद लागला असे धरले, तर ताशी ६० किमी वेगात थांबण्यास साधारण ३५ मीटर लागतात, ८० ला ५३, १०० ला ७६ आणि १२० ला १०० मीटरच्या वर. वेग दुप्पट झाला की निव्वळ ब्रेकचे अंतर चौपट होते. आता मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली डिपरच्या उजेडात ५० मीटरच्या आसपास दिसते असे धरा. ८० ने येणारा चालक तिच्यापाशी जेमतेम थांबतो, किंवा हलकासा धक्का देतो. पण तो जेथे थांबतो, त्याच जागी १०० ने येणारी गाडी अजून ताशी ७० किमीच्या जवळपास वेगात असते. वीस किमीचा फरक धडकेच्या वेळी सत्तरचा होतो. हा हिशेब कागदावर मांडता येतो, परंतु शंकू ठेवून ६० आणि १०० अशा दोन वेगांनी गाडी थांबवून पाहिलेला माणूस त्या रात्री डिपरवर १०० ने जात नाही, कारण दुसऱ्या वेळी गाडी किती पुढे गेली हे त्याने खाली उतरून पाहिलेले असते. काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आला असेल तर यांपैकी प्रत्येक आकडा वाढवून घ्यावा.

नजरेचेही तसेच आहे. घाबरलेला चालक ज्याला धडकायचे नाही त्याच्याकडेच पाहत राहतो आणि हात नकळत नजरेमागे जातात. जुन्या रस्त्यांच्या कडेच्या निंबांवर आदळलेल्या कित्येक गाड्यांना झाडांच्या मधली मोकळी जागा उपलब्ध होती. घसरणाऱ्या गाडीतही जिकडे जायचे आहे तिकडे पाहणे ही सवय आहे, आणि सवय लावावी लागते. आपल्याला ती नोकरीत लागली असणार. आज परवाना मिळवणाऱ्याला ती कोणीही लावत नाही. क्लबच्या मुलांनी ट्रॅकवर जाण्याआधी आपल्यासारख्या एखाद्या काकांना शेजारी बसवून चाळीसगाव ते कन्नड असा एक फेरा करावा, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : माझे गॅरेज आहे. ट्रॅकवर जाण्यापूर्वी गाडी दाखवायला येणारे लोक फक्त इंजिन ऑइल बदला म्हणतात. तुमच्या मते मी आणखी काय पाहावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : इंजिन ऑइलइतकेच लक्ष ब्रेक ऑइलकडे द्यावे, खरे तर जास्त. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ या प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. रस्त्यावर चालवताना हा फरक जाणवत नाही. ट्रॅकवर दर लॅपला चार-पाच वेळा जोराचा ब्रेक लागला की ते उकळते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पॅडल थेट तळाशी जाते. म्हणून जाण्यापूर्वी संपूर्ण ब्रेक ऑइल बदलून हवा काढून घ्यावी, आणि कंपनीने डॉट ४ सांगितले असेल तर त्याखालचे घालू नये. डॉट ५ नावाचे सिलिकॉनचे ऑइल मात्र यांत मिसळू नये, ते वेगळ्याच प्रकारचे आहे.

पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला. पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे आणि तेथून ऑइलकडे पोहोचवतात. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिमी चालत असली तरी एवढी झिजलेली टायर घेऊन ट्रॅकवर पाठवू नका. टायरच्या बाजूवरील चार आकडी क्रमांकात पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी शाबूत पण रबर सात-आठ वर्षांचे, अशी टायर आपल्याकडे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर सर्रास दिसते आणि तिच्या बाजूला बारीक भेगा असतात. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासायला सांगा. बॅटरीची पट्टी, बेअरिंगचा खुळखुळाट, स्टिअरिंगचे जोड, गळती, एवढे पाहिले की पुरे.

टायरमधल्या हवेच्या दाबाविषयी ग्राहकांचा नेहमी गोंधळ होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की हवा साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढते. भुसावळात पहाटे भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी वेगळाच आकडा दाखवते, ते यामुळेच. ट्रॅकवर टायर याहूनही जास्त तापते. गरम टायरमधली वाढलेली हवा कमी केली तर थंड झाल्यावर ती धोकादायकरीत्या कमी भरेल, म्हणून परतीच्या प्रवासापूर्वी थंड टायरवर हवा पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणायचीच, हे ग्राहकाला लिहून द्या. आणि सत्र संपवून आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा, हेही सांगा. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारायचा असतो तो याच कारणासाठी.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो आणि त्याचे मित्र रात्री बायपासवर गाड्यांची शर्यत लावतात, असे मला नुकतेच कळले. ट्रॅकवर नेले तर हे वेड कमी होईल, असे त्याचे मामा म्हणतात. आपले मत काय?
– एक माता, चाळीसगाव

उत्तर : ताई, मामांचा सल्ला पुढे कधीतरी उपयोगी पडेल, आज नाही. आज गाडीची किल्ली आपल्या ताब्यात घ्या. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मोटार चालवण्याचा परवाना मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही नाही, असे त्याचे स्वरूप आहे. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यात प्रथम तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा मुलाला वाचून दाखवला तर तो ऐकेल असे नाही. पण त्याला खरोखर वेगाची ओढ असेल तर मोठ्या शहरातल्या कार्टिंग ट्रॅकवर त्याला घेऊन जा, तेथे वय आणि उंचीच्या अटींवर कार्ट, म्हणजे शर्यतीची लहान उघडी गाडी, चालवता येते. मोटारस्पोर्ट्समध्ये पुढे जाणाऱ्यांची सुरुवात तेथूनच होते आणि वळणावर चूक झाल्यावर काय होते हे जमिनीपासून काही इंचांवर बसून कळते. बायपासवरच्या मित्रांच्या पालकांशीही याच आठवड्यात बोला. एकट्या आपल्या मुलाला अडवून ही शर्यत थांबत नाही.

प्रश्न : माझ्याकडे मोटारसायकलचे आयएसआय हेल्मेट आहे. ते चालेल का? आणि कपडे कोणते?
– एक वाचक, शहादा

उत्तर : आयोजकाच्या नियमांवर अवलंबून आहे. मोटारसायकलचे हेल्मेट रस्त्यावर पडण्याचा विचार करून बनवलेले असते. मोटारीच्या शर्यतींसाठीच्या 'स्नेल एसए' या मानकाच्या हेल्मेटची आगीसाठी आणि गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोके आदळण्यासाठी वेगळी चाचणी होते. नवशिक्यांच्या दिवशी अनेक ठिकाणी पूर्ण चेहऱ्याचे चांगले हेल्मेट चालवून घेतात किंवा भाड्याने देतात. कोणाकडून उसने आणलेले किंवा आधी आपटलेले मात्र वापरू नका. कपडे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे आणि सुती असावेत, कारण कृत्रिम धाग्याचे कापड आगीत वितळून त्वचेला चिकटते. पातळ तळाचे बूट घाला. चपला घालून आलेल्याला परत पाठवतात.

प्रश्न : ट्रॅकवर गाडीचे नुकसान झाले तर विमा मिळतो का? एजंट म्हणतो, "फुल इन्शुरन्स आहे, काळजी नको."
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : एजंटला पॉलिसीतील वापराच्या मर्यादांचा परिच्छेद काढून दाखवायला सांगा. खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, पेसमेकिंग (इतरांच्या पुढे राहून वेग ठरवून देणे) आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी गाडी वापरल्यास संरक्षण लागू नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. प्रशिक्षण म्हणजे शर्यत नव्हे, असा युक्तिवाद करता येईल, पण तो दावा नाकारल्यानंतर करावा लागेल. जाण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि ते न मिळाल्यास गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आपलाच, असे समजून जावे. ट्रॅकवर प्रवेश देताना आयोजक जोखमीच्या संमतीपत्रावर सही घेतात. ते वाचून सही करा, आणि वैयक्तिक अपघात विम्यात तसा अपवाद आहे का हेही पाहून घ्या.

प्रश्न : चेन्नई-कोइम्बतूरला जाणे सर्वांना परवडणार नाही. आमच्याकडे एका खासगी कारखान्याचे मोठे डांबरी आवार रविवारी रिकामे असते. तेथे प्रशिक्षण दिवस घेता येईल का?
– एका क्लबचे सचिव, नंदुरबार

उत्तर : घेता येईल, आणि माझ्या मते खान्देशातील क्लबांनी सुरुवात येथूनच करावी. ट्रॅकवर जे शिकायचे त्यातले बैठक, नजर आणि ब्रेक हे तीन धडे ताशी ६० किमीच्या आत, शंभर-दीडशे मीटरच्या मोकळ्या जागेत शिकता येतात. चौथा, वाटेचा धडा तेवढा ट्रॅकसाठी राखून ठेवा.

जागा निवडताना पृष्ठभागापेक्षा कडा आधी पाहा. विजेचे खांब, भिंतीचा कोपरा, उघडी गटारे, उभ्या ट्रॉल्या यांपासून जेथे गाडी घसरून जाऊ शकते त्या दिशेला मोठे मोकळे अंतर हवे. नसेल तर वेग कमी ठेवा किंवा ती जागा सोडून द्या. मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि ज्या जागेत लोकांना मुक्त प्रवेश आहे ती कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाण ठरते, म्हणून फाटक बंद ठेवता येईल असेच आवार घ्या. पोलिस ठाण्याला आधी कळवा. आवाज ऐकून जमणारी मुले ही अशा दिवसाची सर्वांत मोठी जोखीम असते. रुग्णवाहिका आवारात उभी असल्याशिवाय पहिली गाडी सुरू करू नका. १०८ ला फोन करता येईल, ही तयारी नव्हे. अग्निशामक दोन ठिकाणी ठेवा आणि ते वापरता येणारा माणूस त्यांच्याजवळ उभा करा.

पहिला सराव थांबण्याचा ठेवा. शंकूंची दोन रांगांची एक गल्ली करा, चालकाने ४० च्या वेगाने त्यात शिरावे आणि ठरलेल्या शंकूपाशी ब्रेक पूर्ण दाबून क्लचसह गाडी थांबवावी. मग ५० आणि मग ६०. प्रत्येक वेळी थांबण्याची जागा खडूने आखून ठेवा. त्यानंतर तोच सराव, पण दुरून दाखवलेल्या झेंड्याच्या खुणेवर डावीकडे किंवा उजवीकडे वळवून करा. झेंडा दाखवणारा नेहमी गाडीच्या वाटेबाहेर, अडथळ्यामागे हवा. तिसरा सराव शंकूंतून नागमोडी जाण्याचा, आणि तो दोनदा घ्या, एकदा चालक जसा चालवतो तसा, आणि दुसऱ्यांदा पुढच्या नव्हे तर त्याच्याही पुढच्या शंकूकडे पाहून. स्टिअरिंगची धडपड किती कमी होते हे शेजारी बसलेल्यालाही कळते. टँकरने पाणी मारून ओल्या पृष्ठभागावरचा सराव करता आला तर उत्तम, पण तो ताशी ३० च्या आतच, आणि गाडी पुढच्या चाकांवर घसरून सरळ जाऊ लागली तर आणखी वळवण्याऐवजी अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग किंचित सैल करणे हे शिकवण्यापुरता. गाडी गोल फिरू लागली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पाय दाबून थांबवायची, एवढे सर्वांना आधीच पाठ करून ठेवा.

एका वेळी आवारात एकच गाडी, बाकीच्या इंजिन बंद करून ठरलेल्या जागी. वेळ मोजू नका, बक्षीस ठेवू नका. उद्या स्पर्धा घ्यायचीच झाली तर ती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांनुसार आणि तिच्या मान्यतेने घ्यावी. तो वेगळा विषय आहे. आणि हे सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या आत आटोपा.

प्रश्न : आमचे यजमान क्लबबरोबर ट्रॅकवर जाणार आहेत आणि त्याच रात्री गाडी चालवत निघून घरी येणार म्हणतात. मला त्या ट्रॅकपेक्षा या परतीचीच भीती वाटते.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : आपली भीती अगदी योग्य ठिकाणी आहे. दिवसभर उन्हात, हेल्मेट घालून, पूर्ण लक्ष देऊन चालवल्यावर शरीर जेवढे थकते तेवढे त्या वेळी कळत नाही, आणि डोळे वेगाला सरावलेले असतात. त्यामुळे महामार्गावर शंभरचा वेगही साठसारखा वाटू लागतो. ट्रॅकवर जे ब्रेक आणि टायर दिवसभर राबले तेच घेऊन रात्री मालमोटारींच्या रांगेत शिरायचे आहे, हाही भाग आहेच. रात्री मुक्काम करून, सकाळी थंड टायरची हवा तपासून आणि पॅड पाहूनच निघावे. एका गाडीत दोन परवानाधारक चालक असावेत आणि दर दोन तासांनी थांबावे. क्लबने मुक्कामाचा खर्च आधीच वर्गणीत धरला, तर ज्याला घाई आहे त्यालाही निघण्याचे निमित्त उरणार नाही. सचिवांना ही सूचना आपण स्वतः केलीत तर ती जास्त लवकर मान्य होईल असे वाटते.